‘हवा काय तुमच्या मालकीची आहे का?’

पत्र

नमस्कार,

आम्ही विलेपार्ले पूर्वेला पाचव्या मजल्यावर राहतो. आमची सोसायटी जुनी, सात मजल्यांची. शेजारच्या प्लॉटवरची इमारत पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. काही महिन्यांपासून रविवारी सकाळी त्या साइटवरून ड्रोन उडतो. सुरुवातीला वाटलं, बांधकामाचं काहीतरी मोजमाप असेल. पण तो आमच्या गच्चीवरून जातो, कंपाउंडमध्ये खाली उतरतो आणि मग मजल्यामजल्याला थांबत वर येतो.

माझे सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं सगळं खिडकीजवळच्या पलंगावरच होतं. मागच्या रविवारी मी त्यांचं अंग पुसत होते आणि समोर ते यंत्र येऊन थांबलं. मी पडदा ओढला. सासऱ्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच खोलीत मुलगी बारावीचा अभ्यास करते, तिनं आता खिडकी उघडणंच सोडलंय.

खाली जाऊन विचारलं तर ड्रोन उडवणारा मुलगा म्हणाला, ‘काकू, हवा काय तुमच्या मालकीची आहे का?’ साइटवरचे सुपरवायझर म्हणाले, प्रत्येक मजल्यावरून काय दिसतं याचा व्हिडिओ गिऱ्हाइकांसाठी बनवतोय. आमचे सेक्रेटरी म्हणतात, आपल्या रिडेव्हलपमेंटसाठी याच बिल्डरशी बोलणी चालली आहेत, कशाला बिघडवायचं? मिस्टर म्हणतात, पुढच्या रविवारी बेचकीनं पाडतो. पुतण्या ऑनलाइन जॅमर मागवायला निघालाय.

आमच्या जागेत, आमच्या खिडकीसमोर हे उडवायचा त्यांना हक्क आहे का? आणि असेल तर आमचा हक्क कुठला?

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर

ताई,

बेचकी आणि जॅमर या दोन्ही गोष्टी आजच थांबवा. बाकीचं सावकाश बोलू, पण हे रविवार उजाडायच्या आत घरात स्पष्ट सांगा. दुसऱ्याची वस्तू जाणूनबुजून फोडणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ खाली गुन्हा आहे, मग ती वस्तू तुमच्या खिडकीसमोर का तरंगत असेना. आणि पाचव्या मजल्याच्या उंचीवरून फिरते पंखे आणि लिथियम बॅटरी असलेलं यंत्र खाली कोसळलं तर कंपाउंडमध्ये खेळणाऱ्या पोरांचं काय? आज तक्रारदार तुम्ही आहात. बेचकीचा एक दगड लागला की तक्रारदार बिल्डर होईल आणि तुमचे मिस्टर पोलिस ठाण्याच्या बाकावर बसतील.

जॅमर तर त्याहून वाईट. रेडिओ लहरी अडवणारं यंत्र सरकारच्या खास परवानगीशिवाय खासगी माणसाला घेता येत नाही आणि वापरता येत नाही, ऑनलाइन कितीही सहज मिळत असलं तरी. शिवाय तुम्ही पार्ल्यात राहता. धावपट्टी हाकेच्या अंतरावर असताना लहरींशी खेळ करण्याचा विचारसुद्धा पुतण्याच्या मनातून काढून टाका.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. प्रश्न उद्धटपणे विचारला असला तरी तो खोटा नाही. हवेची मालकी हा कायद्यातला फार जुना वाद आहे आणि त्याचं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही.

जुन्या इंग्रजी कायद्यात असं धरलं जायचं की ज्याची जमीन, त्याचंच वरचं आकाश आणि खालचं पाताळ. विमानं उडायला लागली आणि हे तत्त्व टिकेना, कारण मग प्रत्येक शेतकऱ्याच्या परवानगीशिवाय एकही विमान उडू शकलं नसतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एका कोंबडीपालकाचा खटला १९४६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. लष्करी विमानं त्याच्या जागेवरून जेमतेम ८३ फुटांवरून जायची आणि घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरायच्या. न्यायालयानं सांगितलं की आकाशापर्यंतची मालकी आजच्या जगात चालणार नाही, पण जमिनीलगतची जेवढी हवा माणूस प्रत्यक्ष वापरतो, तेवढ्यावर त्याचा हक्क आहे. त्या माणसाला भरपाई मिळाली. इंग्लंडमध्ये १९७७ साली एका उमरावानं त्याच्या घराचा विमानातून फोटो काढणाऱ्या कंपनीवर दावा लावला आणि तो हरला. एकदा वरून जाऊन फोटो काढला म्हणजे अतिक्रमण झालं असं न्यायाधीश मानायला तयार नव्हते. पण त्याच निकालात त्यांनी हेही म्हटलं की एखाद्याच्या घरावर आकाशातून सतत पाळत ठेवून त्याच्या प्रत्येक हालचालीचे फोटो काढले, तर तो उपद्रव ठरेल आणि त्याविरुद्ध दाद मागता येईल. परदेशातले निकाल आपल्या कोर्टांना बांधील नसतात. पण असा नवा प्रश्न समोर आला की आपले न्यायाधीश ते वाचतात.

आपल्याकडे १९३४च्या विमान कायद्यात कलम १७ होतं. त्याचा आशय असा, की वारा, हवामान आणि एकूण परिस्थिती पाहता वाजवी म्हणता येईल अशा उंचीवरून विमान गेलं, तर केवळ त्या उड्डाणामुळे अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येत नाही. १ जानेवारी २०२५पासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४नं घेतली आहे. ड्रोनचे नियमही विमान कायद्याखालीच केलेले आहेत, त्यामुळे बिल्डरचा वकील याच आशयाची तरतूद पुढे करणार हे गृहीत धरा. घाबरू नका, त्यातले दोन शब्द तुमच्या कामाचे आहेत. एक ‘वाजवी उंची’ आणि दुसरा ‘केवळ’. पाचव्या मजल्याच्या खिडकीसमोर थांबणं ही वाजवी उंची कशी ठरेल? आणि थांबून आतलं चित्रण करणं म्हणजे ‘केवळ उड्डाण’ कसं?

तरीही ‘आमच्या जागेवरून उडवलं’ एवढ्याच मुद्द्यावर लढू नका, असं मी तुम्हाला आग्रहानं सांगते. पार्लेकरांना तर हे वेगळं समजवायला नको. तुमच्याकडच्या कितीतरी इमारतींची रिडेव्हलपमेंट फनेल झोनमुळे, म्हणजे विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या वाटेखालच्या पट्ट्यातल्या उंचीच्या बंधनामुळे, अडकलेली आहे. प्लॉट तुमचा, पैसे तुमचे, तरी विमानतळ प्राधिकरणानं घालून दिलेल्या उंचीच्या वर एक मजला चढवता येत नाही. आपल्या डोक्यावरचं आकाश आपलं नाही, हे या भागातली माणसं रोज अनुभवतात. एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल याचं प्रमाण) आणि टीडीआर (एका जागेचा बांधकामाचा हक्क दुसरीकडे नेणं) यांच्या रूपानं मुंबईत हवा विकली जाते खरी, पण तो बांधण्याचा हक्क असतो. त्या हवेतून कोण जाईल आणि कोण नाही, हे ठरवायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

दुसरं असं, की मालकीची ही सगळी कल्पना जमिनीवर बसक्या घरात राहणाऱ्या माणसासाठी रचलेली आहे. तो खाली आणि त्याच्या वर मोकळं आकाश. मुंबईत माणसंच आकाशात राहतात. ड्रोनच्या नियमांत हिरव्या क्षेत्रासाठी, म्हणजे जिथे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येतं त्या भागासाठी, ४०० फुटांची, म्हणजे १२० मीटरची मर्यादा आहे. या शहरातल्या बहुतेक घरांच्या खिडक्या त्या ४०० फुटांच्या आतच उघडतात. तुमच्याकडे येणारा ड्रोन तुमच्या डोक्यावर नसतो, तोंडासमोर असतो. त्यामुळे तुमची खरी बाजू दोन गोष्टींवर उभी राहते. उडवणाऱ्यानं परवानगी घेतली होती का, आणि त्यानं काय पाहिलं. दोन्हींत तुमची बाजू भक्कम आहे.

परवानगीचं आधी सांगते, कारण तिथेच काम लवकर होईल. मुंबई पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत ड्रोन उडवायला मनाई करणारा आदेश वेळोवेळी निघतो. ड्रोन, रिमोटवर चालणारी मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर, हॉट एअर बलून अशा सगळ्यांचा त्यात समावेश असतो. घातपाताची भीती हे त्यामागचं कारण. आदेश साधारण महिनाभराचा असतो आणि मुदत संपत आली की पुन्हा काढला जातो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा. १ जुलै २०२४पासून नवे कायदे आले, तेव्हापासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. पोलिस उपायुक्त (अभियान) यांची लेखी परवानगी असेल तरच सूट मिळते. आदेश मोडला तर न्याय संहितेचं कलम २२३ लागतं. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि माणसाच्या जिवाला धोका झाला असेल तर एक वर्ष किंवा ५,००० रुपयांपर्यंत. तक्रार द्यायच्या आधी चालू आदेशाची तारीख तेवढी पाहून घ्या. ज्या रविवारी ड्रोन आला तो दिवस आदेशाच्या मुदतीत बसतो का, हे लिहिता आलं पाहिजे.

त्यावर केंद्राचे ड्रोन नियम, २०२१ आहेत. हे ऑगस्ट २०२१मध्ये आले. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच मोकळीक आहे. ८ किलोमीटरच्या आत तर जमिनीपासूनच परवानगी लागते, तीही जागेप्रमाणे हवाई वाहतूक नियंत्रणाची किंवा थेट केंद्र सरकारची. पार्लं विमानतळाच्या कुंपणाला लागून आहे, एवढं सांगितलं तरी पुरे. शिवाय ड्रोनची नोंदणी लागते. धंद्यासाठी उडवताना २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन असेल तर उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं आणि तिऱ्हाइताला इजा झाली तर भरपाईसाठी विमाही. नियम मोडले तर एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तो मुलगा म्हणेल, ‘माझा छोटा आहे, २५० ग्रॅमच्या आतला, मला काही लागत नाही.’ पायलट प्रमाणपत्रापुरतं ते खरं असेल. पोलिसांचा मनाई आदेश मात्र वजन विचारत नाही.

एक उणीव तुम्हाला ठाऊक असलेली बरी. ड्रोन नियमांत लोकांच्या खासगीपणाबद्दल वेगळी तरतूद नाही. नोंदणी, क्षेत्रं, प्रमाणपत्रं सगळं तपशिलात आहे, पण उडणाऱ्या कॅमेऱ्यानं कोणाच्या घरात डोकावू नये असं एक वाक्य त्यात नाही. घराघरांवर ड्रोन उडणार हे दिसत असताना ते वाक्य घालायला हवं होतं असं माझं ठाम मत आहे. ते नाही, म्हणून आपल्याला दुसऱ्या कायद्यांकडे जावं लागतं.

आणि तिथे तुमच्या घरातल्या तीन माणसांचं संरक्षण तीन वेगळ्या ठिकाणी सापडतं. सासऱ्यांचं आधी. लपून पाहण्याच्या गुन्ह्याचं कलम, म्हणजे न्याय संहितेचं ७७, फक्त स्त्रियांना संरक्षण देतं. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई कोणत्याही व्यक्तीसाठी आहे, पुरुषासाठीसुद्धा. एखाद्याच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्रण त्याच्या संमतीशिवाय, जाणूनबुजून केलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ते चित्रण कुठे टाकलं नाही, नुसतं टिपलं, तरी ते गुन्ह्यात बसतं. अंग पुसताना सासऱ्यांच्या अंगावर कपडे नव्हते आणि कॅमेरा चालू होता, तर हे कलम थेट लागू होण्यासारखं आहे. अडचण ‘जाणूनबुजून’ या शब्दाची. बिल्डर म्हणेल, आम्ही समोरचा देखावा टिपत होतो, तुमची खिडकी ओघानं आली. म्हणूनच तुम्ही त्यांना लेखी कळवणं फार महत्त्वाचं आहे. एकदा कळवल्यावर पुन्हा त्याच खिडकीसमोर ड्रोन थांबला, तर ‘ओघानं आली’ म्हणायला जागा उरत नाही.

तुमच्यासाठी आणि मुलीसाठी कलम ७७ आहे. पण ते कपडे बदलणं, न्हाणीघर अशा खासगी क्षणांपुरतं आहे. पहिल्यांदा गुन्हा सिद्ध झाला तर एक ते तीन वर्षं शिक्षा आहे, पुन्हा झाला तर तीन ते सात. मुलगी टेबलाशी अभ्यास करत बसली असताना कोणी चित्रण केलं, तर हे कलम ओढूनताणून बसवू नका. पोलिस ते लावणार नाहीत आणि तुमच्या बाकीच्या तक्रारीचंही वजन कमी होईल. तिच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूनं तिच्या एकांतात घुसखोरी केली असं दाखवता आलं तर कलम ७९ आहे. तसा हेतू दिसत नसेल तर तिच्यासाठी दिवाणी मार्ग योग्य. बारावीच्या वर्षात एका मुलीला स्वतःच्या घरात खिडकी बंद करून बसावं लागतं, ही कोर्टासमोर मांडण्यासारखी हानी आहे. या हानीला कमी लेखू नका.

खिडकीवरून कोर्टात जाणं आपल्या देशाला नवीन नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यात एक उदाहरणच दिलेलं आहे. एखाद्या गावात तशी रूढी असेल, तर शेजाऱ्याच्या घराचा जो भाग एरवी परक्या नजरेआड असतो तिथे डोकावता येईल अशी नवी खिडकी उघडता येत नाही. अलाहाबाद उच्च न्यायालयानं १८८८ साली, अशाच एका खिडकीच्या वादात, घरातल्या एकांताचा रूढीनं आलेला हक्क मान्य केला होता. हा हक्क रूढीवर अवलंबून आहे, त्यामुळे मुंबईच्या फ्लॅटला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. मी तो सांगितला, कारण कोणी तुम्हाला म्हणेल की खासगीपणा वगैरे हल्लीची फॅडं आहेत. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आपली कोर्टं घरातल्या एकांताची किंमत जाणतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागायचा असतो, तरी शेजाऱ्याविरुद्धच्या दाव्यातही त्या निकालाचं वजन पडतं.

दिवाणी मार्ग म्हणजे मनाई हुकूम. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३च्या कलम ३८ प्रमाणे तुमच्या मालमत्तेच्या हक्कावर किंवा तिच्या उपभोगावर कोणी आक्रमण केलं, तर कोर्ट त्याला कायमची मनाई करू शकतं. ‘उपभोग’ हा शब्द वकिलाला अधोरेखित करायला सांगा. हवा तुमची नसेल, पण घराचा शांतपणे उपभोग घेण्याचा हक्क तुमचा आहे, आणि खिडकी कायम बंद ठेवावी लागणं हा त्या उपभोगावरचाच घाला. दावा सिटी सिव्हिल कोर्टात लावायचा, उपनगरांसाठी त्याची दिंडोशीला शाखा आहे. सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज करायचा. पण पोलिसांचा आणि पत्रव्यवहाराचा रस्ता चालून पाहिल्याशिवाय या खर्चात पडू नका. बहुतेक प्रकरणं त्याच्या अलीकडेच मिटतात.

इथे मुंबईतली एक गुंतागुंत आहे. तुमच्या फ्लॅटच्या खिडकीबद्दल तुम्ही स्वतः तक्रार करू शकता. गच्ची आणि कंपाउंड मात्र सोसायटीचं आहे, त्याबद्दल सोसायटीनं बोलायला हवं. तुमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालं नसेल, म्हणजे जमीन अजून मूळ मालकाच्या नावावर असेल, तरी अडत नाही, कारण अतिक्रमणाविरुद्ध दाद मागायला ताबा पुरतो. बिल्डर कन्व्हेयन्सचा मुद्दा काढून तुम्हाला गप्प करू पाहील, तेव्हा हे लक्षात ठेवा.

सेक्रेटरी कचरतात, हे मला कळतं. जुन्या इमारतीत गळती, लिफ्टचे प्रश्न, म्हातारे सभासद, आणि रिडेव्हलपमेंटचं बोलणं पुढे गेलं की सगळ्यांना वाटतं आता मोडता नको. पण हाच बिल्डर उद्या तुमची इमारत पाडणार आहे, तुमच्या भाड्याचे चेक देणार आहे, तीन-चार वर्षं तुमचं घर त्याच्या हातात असणार आहे. एका साध्या पत्रावर तो कसा वागतो, हे करारावर सह्या करण्याआधी कळलं तर ते सोसायटीच्याच हिताचं. पत्र मिळताच ड्रोन थांबवला, चित्रण पुसलं, माफी मागितली, तर चांगलं लक्षण. उडवाउडवी केली, तर तेही सभासदांना कळू द्या. सेक्रेटरी तरीही हलले नाहीत, तर एकपंचमांश सभासदांच्या सह्यांनी विशेष सर्वसाधारण सभा मागता येते. दुसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत सगळ्यांच्याच खिडक्यांसमोरून तो ड्रोन गेलाय, सह्या मिळायला वेळ लागणार नाही.

करारापर्यंत गोष्ट गेलीच, तर विकास करारनाम्यात ड्रोनचं एक कलम घालून घ्या. चित्रण करायचं तर सोसायटीला आठवडाभर आधी लेखी सूचना, परवानग्यांच्या प्रती, ठरलेला दिवस आणि वेळ, शेजारच्या इमारतींच्या खिडक्या पुसट केल्याशिवाय व्हिडिओ कुठेही न टाकणं. तुमची इमारत उभी राहील तेव्हा तुमच्या शेजाऱ्यांनाही खिडक्या असतील, त्यांचाही विचार त्या कलमात असू दे.

सगळेच ड्रोन उपद्रवी नसतात हेही ध्यानात ठेवा. गणपती विसर्जनात पोलिस ड्रोन उडवतात, धारावीच्या पुनर्विकासाच्या सर्वेक्षणात ड्रोन वापरले गेले, उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंती तपासायला माणूस दोरीवर लटकवण्यापेक्षा ड्रोन कितीतरी सुरक्षित. अशा कामाची माणसं परवानगीचा कागद दाखवतात. म्हणून पहिला प्रश्न नेहमी शांतपणे तोच विचारायचा, ‘परवानगीचा कागद दाखवा.’

आता या आठवड्यात काय करायचं ते. पुढच्या रविवारी ड्रोन आला तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या. ड्रोन, तुमच्या खिडकीची चौकट आणि ओळखू येईल अशी शेजारची इमारत एकाच चित्रात येऊ द्या, म्हणजे अंतर आणि उंची दोन्ही दिसेल. उडवणारा मुलगा साइटवर उभा दिसत असेल तर तोही घ्या. ही फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मूळची पुसू नका, फाइल लहान होते आणि मूळ तपशील जातात. कोर्टात असा पुरावा द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ फाइल असेल तरच नीट देता येतं. तारीख, वेळ, किती मिनिटं थांबला, घरात त्या वेळी काय चाललं होतं, हे एका वहीत लिहून ठेवा. सासऱ्यांबद्दल लिहिताना त्यांना विचारून लिहा. सोसायटीचा सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचं चित्रण लगेच काढून घ्या, जुनं आपोआप पुसलं जातं. ड्रोन समोर असतानाच ११२ला फोन केला तर उत्तम, कारण त्या फोनची नोंद राहते.

मग स्थानिक पोलिस ठाण्यात लेखी अर्ज. तुम्ही ‘आमच्या हद्दीत घुसले’ अशी सुरुवात केलीत, तर ठाणे अंमलदार ‘हा दिवाणी मामला, कोर्टात जा’ म्हणून परत पाठवतील. सुरुवात मनाई आदेशानं करा. साधारण असं लिहा:

‘दिनांक अमुक रोजी सकाळी इतक्या वाजता, शेजारच्या बांधकामाच्या जागेवरून उडवलेला कॅमेरायुक्त ड्रोन आमच्या पाचव्या मजल्यावरील खिडकीसमोर इतकी मिनिटं थांबला होता. पोलिस उपायुक्त (अभियान) यांचा अमुक तारखेचा मनाई आदेश त्या दिवशी लागू होता. ही जागा विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत आहे. त्या वेळी माझे आजारी सासरे विवस्त्र अवस्थेत होते आणि त्यांचं चित्रण झालं असल्याची आम्हाला रास्त भीती आहे. ड्रोन, त्यातलं मेमरी कार्ड आणि उडवणाऱ्याचा फोन ताब्यात घेऊन तपासावा आणि योग्य त्या कलमांखाली गुन्हा नोंदवावा, ही विनंती.’

मेमरी कार्डाचा उल्लेख विसरू नका. तुमच्या सगळ्या तक्रारीचं उत्तर त्या कार्डात आहे, आणि ते पुसायला दोन मिनिटं पुरतात. गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तोच अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे, म्हणजे मुंबईत उपायुक्तांकडे पाठवता येतो, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. मनाई आदेश मोडल्याचा खटला स्वतः तुम्ही लावू शकत नाही, त्यासाठी पोलिसांनीच कोर्टात लेखी तक्रार करायची असते. त्यामुळे तो भाग त्यांच्यावर सोपवा आणि पाठपुरावा करत राहा. अर्जाची एक प्रत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयालाही पाठवा.

बिल्डरला वेगळं पत्र, शक्यतो सोसायटीच्या लेटरहेडवर. आतापर्यंतच्या चित्रणात आमच्या इमारतीच्या खिडक्या जिथे जिथे दिसतात ते सगळं पुसा आणि पुसल्याचं लेखी द्या. ड्रोनचा नोंदणी क्रमांक, उडवणाऱ्या एजन्सीचं नाव आणि परवानग्यांच्या प्रती सात दिवसांत द्या. त्यांच्या वेबसाइटवर किंवा जाहिरातीत टाकलेला व्हिडिओ सापडला तर त्याची प्रत आधी जपून ठेवा, मग तो काढायला सांगा.

तोवर सासऱ्यांच्या खिडकीला आतून अर्धपारदर्शक फिल्म लावून घ्या. उजेड येतो, बाहेरून आतलं दिसत नाही आणि खर्च फार नाही. याला माघार समजू नका. दाद मिळायला महिने लागतील आणि त्यांचं अंग रोज पुसायचं आहे. त्यांना एवढंही सांगा की या तक्रारीत पहिली सही त्यांची असू शकते. कायद्यानं तो अधिकार त्यांना दिला आहे आणि पलंगावरून सही करता येते. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा, आणि पोलिस ठाणं असो, बिल्डरचं ऑफिस असो की आपले सेक्रेटरी, दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घेतल्याशिवाय निघू नका.